नोव्हेंबरात जपान, लाल पानं + किल्ले + भाड्याची गाडी. प्लॅन बघून सांगा ना जरा

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. यंदा दिवाळी उशिरा आहे, म्हणून भाऊबीज उरकली की लगेच निघायचं ठरवलंय, 14 ते 23 नोव्हेंबर, तिकिटं काढून झालीत त्यामुळे तारखा आता हलणार नाहीत. आम्ही चौघं, मी, बायको आणि आई-बाबा. आईचं वय 66, गुडघे कुरकुरतात पण उत्साह माझ्यापेक्षा जास्त. बाबांना किल्ले हवेत, राजगड-तोरणा दहा वेळा झालेत त्यांचे. बायकोला मेपलची लाल पानं हवीत, आणि मला गाडी चालवायचीय, स्टिअरिंग उजवीकडे, रस्ता डावीकडून, आपल्यासारखंच सगळं, मग काय प्रॉब्लेम.

तर माझा प्लॅन असा की टोक्योत उतरून गाडी घ्यायची, निक्को, तिथून वर हिरोसाकीचा किल्ला, मग खाली मात्सुमोतो, कानाझावा, क्योतो, हिमेजी आणि ओसाकाहून परत. काल बायकोने मॅपवर सगळी बेरीज केली, दोन हजार किलोमीटरच्या वर गेली, आणि मला म्हणाली आपण पानं बघायला चाललोय की टोल भरायला. तेव्हापासून घरात जरा शांतता आहे.

विचारायचं असं की एवढं होईल का, नाही तर काय कापू? आणि आई-बाबा पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंसुद्धा नाही.

चष्मिष

टोक्योत सात वर्षं राहतोय. गाडी घेऊच नका, ट्रेनने फिरा. निक्कोहून वरच्या तळ्याकडे जाणारा इरोहाझाकाचा घाट आहे ना, 48 वळणं, चढायचा रस्ता वेगळा उतरायचा वेगळा, आणि सीझनच्या वीकेंडला त्यातल्या एकेका वळणावर तुम्ही इतका वेळ उभे राहता की झाडावरचं प्रत्येक पान ओळखीचं होतं. शिवाय तुम्ही पोचाल तेव्हा तिथल्या वरच्या तळ्याजवळची पानं गळूनही गेलेली असणार, तिथला सीझन ऑक्टोबरचा. हिरोसाकीचंही तेच. 14 नोव्हेंबरनंतर एवढ्या वर जाण्यात अर्थ नाही, आणि तिकडच्या डोंगरात तोवर बर्फ सुरू होतो, गाडीला विंटर टायर लागतात.

कोबेवासी

चष्मिष म्हणतात त्यातलं उत्तरेचं शंभर टक्के बरोबर, गाडी घेऊच नका हे मात्र मला पटत नाही. शहरात गाडी म्हणजे डोक्याला ताप, खरं आहे, पण आई-बाबा बरोबर असताना डोंगरात दोन बस आणि एक केबल कार बदलत बॅगा ओढण्यापेक्षा गाडी केव्हाही बरी. फक्त कुठे घ्यायची ते ठरवा.

आधी पानांचं गणित सांगतो. रात्रीचं तापमान साधारण 8 डिग्रीच्या खाली जायला लागलं की मेपल रंग धरतो. म्हणून हा रंग सप्टेंबरात होक्काइदोच्या डोंगरांत सुरू होतो आणि हळूहळू दक्षिणेला सरकत नोव्हेंबरअखेर आमच्याकडे येतो. पण तो नुसता उत्तरेकडून दक्षिणेकडे येत नाही, वरून खालीसुद्धा येतो, कारण दर 100 मीटर चढलं की साधारण अर्धा-पाऊण डिग्री कमी होते. म्हणजे तुम्ही एकाच भागात राहिलात आणि आधी डोंगर आणि मग सपाटी असं उतरत आलात तर रंग तुमच्याबरोबर उतरतो. हे डोक्यात ठेवा, बाकी प्लॅन आपोआप बसतो.

तुमच्या तारखांना ओसाकाच्या विमानतळावर उतरा, टोक्यो यावेळी विसरा. तिकीट टोक्योचं असेल तर शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अडीच तासांत ओसाका, गाडी तिथून घ्या. पहिल्या दिवशी कुठेही चालवू नका, झोपा. 15-16 ला कोयासान, डोंगरावरचं बौद्ध देवळांचं गाव. सुमारे 800 मीटरवर आहे, त्यामुळे तिथला रंग ऑक्टोबरअखेरपासून सुरू होतो आणि तुम्हाला शेवटचे चार-सहा दिवस मिळतील, तिथे दांजो गारान या देवळांच्या आवाराजवळ जाबारामिची म्हणून एक छोटी वाट आहे, दोन्ही बाजूंनी मेपल, वर लाल आणि खाली लाल, सकाळी आठच्या आत गेलात तर फोटोत दुसरं कोणी येत नाही. आणि तिथे देवळातच राहायचं, शुकुबो म्हणतात, जेवण शोजिन र्‍योरी म्हणजे भिक्षूंचं शाकाहारी. आई-बाबांचा प्रश्न निदान तिथे तरी सुटला. अजून एक, कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, 2015 मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अनावरण झालं होतं. जपानच्या डोंगरात, लाल पानांच्या गावात अचानक बाबासाहेब दिसतात तेव्हा काय वाटतं ते तिथे जाऊनच बघा, मी सांगत नाही.

तिथून हिमेजी, मग ओकायामा. आणि तुम्ही तर सिंहगड रोडकर ना हो!! तुमच्या घराजवळचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून केलंय ती कोराकुएन ओकायामातच आहे. 1700 साली पूर्ण झालेली. नदीच्या अलीकडे बाग, पलीकडे किल्ला, मधे पायी जायचा पूल. बागेच्या एका कोपऱ्यात शंभरेक मेपलचं बन आहे ते तुमच्या तारखांना बरोब्बर पेटलेलं असेल. हे सोडून कानाझावाला कुठे पळता.

गडवेडा_नित्या

बाबांसाठी मी लिहितो, कारण माझे बाबा पण असेच आहेत.

जपानमध्ये किल्ले पुष्कळ, पण मूळ लाकडी मनोरा टिकून राहिलेले बाराच. बाकीचे लढाईत गेले, मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सरकारने पाडले किंवा दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने जळले, आणि नंतर सिमेंटमध्ये उभे केले. ओकायामाचा किल्ला त्यातलाच, 1945 ला जळला, 1966 ला परत बांधला. बाहेरून काळा कुळकुळीत, कावळ्याचा किल्लाच म्हणतात त्याला, आणि आत लिफ्ट आहे. बाबा नाक मुरडतील, आई खूश होईल.

हिमेजी बारांतला. बाहेरून पांढराशुभ्र, आतून पूर्ण लाकूड. बूट काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हातात धरायचे आणि वर चढायचं, आणि जिने काय सांगू, आपल्या जुन्या वाड्यात माळ्यावर जायची शिडी असते ना तशी चढण, एका हातात बुटांची पिशवी, दुसऱ्या हातात कठडा, समोरच्या माणसाच्या मोज्यातून बाहेर आलेला अंगठा बरोब्बर आपल्या नाकासमोर. असे सहा मजले. आईंना आत नेऊ नका. शेजारीच कोको-एन आहे, नऊ छोट्या बागा एकाला एक लागून, मेपल भरपूर, चहाघर आहे, आईंना आणि वहिनींना तिथे बसवा आणि तुम्ही दोघं वर जा.

पण बाबांना खरं आवडेल ते बिच्चू मात्सुयामा. ओकायामाहून तासाभरावर. बारांतला हा एकच खऱ्या अर्थाने डोंगरी किल्ला, 430 मीटरवर, बाकीच्यांपेक्षा उंच. मनोरा म्हणाल तर दोन मजली, एवढासा. पण तिथे जायची वाट बघा! नैसर्गिक कातळ उभा, त्याच्या डोक्यावर रचलेला तट, कातळ कुठे संपला आणि बांधकाम कुठे सुरू झालं ते कळत नाही, आणि त्याच्यावर वाकलेली लाल-पिवळी झाडं. मला तर सरळ आपल्याकडच्या माचीची आठवण झाली. गाडी वरच्या खिंडीपर्यंत जाते, पुढे वीसेक मिनिटं चढ. वीकेंडला आणि सीझनच्या गर्दीत मात्र खासगी गाड्या खालीच थांबवतात आणि शटल बस असते, त्यामुळे मधल्या वारी जा. पहाटे समोरच्या डोंगरावरच्या पॉइंटवरून बघितलं तर दरी ढगांनी भरलेली आणि किल्ला वर तरंगतोय असं दिसतं, याच दिवसांत. नशीब लागतं पण. मी दोनदा गेलो, एकदा दिसलं, एकदा नुसतं धुकं आणि बायकोचे टोमणे.

एक फार महत्त्वाचं, अंधार लवकर पडतो. पाचला काळोख. बहुतेक किल्ल्यांत साडेचारनंतर आत सोडत नाहीत. आपल्या सवयीने दहाला निघालात तर दिवस संपला.

भटकी_मावशी

गाडीबद्दल कोणी नीट लिहिलंच नाही अजून. आम्ही दोघं निवृत्त, मागच्या वर्षी केलंय हे.

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढ, हजार रुपये फी, पुस्तिका देतात करड्या रंगाची, वर्षभर चालते. ऑनलाइन कुठल्या तरी वेबसाइटवरून कार्ड विकतात ते अजिबात घेऊ नकोस, काउंटरवरून परत पाठवतात. आणि आपलं मूळ लायसन्स पण बरोबर ठेव.

गाडी घेताना टोलचं ईटीसी कार्ड माग. विमा पूर्ण घे. आणि एवढासा ओरखडा आला तरी पोलिसांना फोन करायचाच, त्यांचा कागद नसला तर विमा हात वर करतो. चौघं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर ती पिवळ्या पाटीची छोटी गाडी घेऊ नकोस, दिसते गोड पण बॅगा मांडीवर घ्याव्या लागतील. नाही तर बॅगा हॉटेलातून पुढच्या हॉटेलात कुरियरने पाठव, ताक्क्युबिन म्हणतात, दुसऱ्या दिवशी पोचतात.

रेल्वे फाटक उघडं असलं तरी गाडी पूर्ण थांबवायची, मग पुढे. माझ्या नवऱ्याने नाही थांबवली. मागे पोलीस होते. तो तरुण पोरगा इतका वाकून वाकून बोलत होता की यांना वाटलं सोडतोय, हे पण वाकले, आणि मग त्याने अदबीने दोन्ही हातांनी पावती दिली. लाल उलटा त्रिकोण दिसला की तिथेही चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. लाल सिग्नलला डावीकडे वळायचं नाही, आपल्यासारखं फ्री लेफ्ट काही नसतं. आणि दारू थेंबभरसुद्धा नाही, शेजारी बसलेल्यालाही शिक्षा होते.

नॅव्हिगेशनमध्ये पत्ता टाइप करण्यापेक्षा त्या जागेचा फोन नंबर घालायचा, सोपं पडतं. फक्त नंबर नीट घाल. आम्ही एक आकडा चुकवला आणि बागेऐवजी एका कांद्याच्या शेतात पोचलो, तिथली आजी मात्र इतकी गोड की तिने झाडावरची दोन काकी काढून हातात ठेवली, काकी म्हणजे ते नारिंगी फळ गं, या दिवसांत पानं गळलेल्या झाडांवर नुसते दिवे लावल्यासारखे लोंबत असतात. मला त्या लाल मेपलपेक्षा ती झाडंच जास्त आठवतात.

पेट्रोलला लाल नळी. हिरव्या नळीत डिझेल असतं, आपल्याकडच्या सवयीवर जाऊ नकोस. कर्मचारी असेल तर रेग्युलर, मानतान म्हणायचं, टाकी फुल.

खाणं. देवळातलं सोडलं तर शाकाहारी दिसणाऱ्या निम्म्या गोष्टींत माशाचा अर्क असतो, दाशी, अगदी भाजीच्या सारात आणि नूडल्सच्या पाण्यातसुद्धा. दुकानातले ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, बऱ्यापैकी चालतात, आत खारवलेला उमे, म्हणजे आंबट जपानी प्लम, असलेला बघून घ्यायचा, तरी पाकिटावरचं भाषांतर फोनवर बघूनच. मेतकूट, थेपले, दडपे पोह्यांचं कोरडं सामान, इलेक्ट्रिक कुकर. हॉटेलात गरम पाण्याची किटली असतेच. मी गूळपोळ्या नेल्या होत्या, घाटात गाडी थांबवून खाल्ल्या, वायपरमध्ये पानं अडकलेली, अजून काय पाहिजे.

चष्मिष

मावशी, कांद्याचं शेत 😂

बरं माघार घेतो, या रूटला गाडी ठीक आहे. फक्त क्योतोला गाडी नेऊ नका. आणि 21 ते 23 लाँग वीकेंड आहे, 23 ला त्यांची सुट्टी असते, अख्खा जपान पानं बघायला बाहेर पडतो. त्याआधी गाडी परत करा.

सिंहगडरोडकर

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. आत्ता रात्री जेवताना वाचून दाखवलं. ठरलं: 15-16 कोयासान, 17 हिमेजी, 18-19 ओकायामा, त्यातला एक दिवस बिच्चू मात्सुयामा (बाबांनी नाव वहीत लिहून ठेवलं, स्पेलिंग मला तीनदा विचारून), 20 ला ओसाकात गाडी परत आणि मग क्योतो ट्रेनने, जमेल तेवढं. किलोमीटर सातशेच्या आत आले, बायको बोलायला लागली आहे.

20 ला परत येताना वाटेत अर्धा दिवस घालवण्यासारखं काही?

कोबेवासी

मिनो. ओसाकाच्या उत्तरेला, 33 मीटरचा धबधबा, त्याच्याकडे जाणारी पक्की, हलक्या चढाची पायवाट, आईंना जमेल, घाई नको, बाकं आहेत. तिथे मेपलची पानंच तळून विकतात. खरंच. वर्षभर मिठात मुरवलेली पानं, गोडसर पिठात बुडवून तळलेली. पानाला स्वतःची चव काहीच नसते, शंकरपाळ्याची आठवण येते. पीठ आणि तेल कसलं ते विचारून घ्या. शुक्रवार आहे तो, दुपारच्या आत उरका.

सिंहगडरोडकर

मस्त. आई मागून विचारतेय, देवळात सकाळच्या चहाला दूध मिळेल का?

भटकी_मावशी

नाही मिळणार गं बाई. तिला सांग दुधाची पावडर आण, आणि लोकरीचे मोजे. पहाटेची प्रार्थना असते, दोन-तीन डिग्रीत, चटईवर, बूट बाहेर.