शब्दचर्चा: 'दिशादर्शक अँटेना' की 'दिशिक अँटेना'?

प्रश्न – फिरत्या ॲड हॉक नेटवर्कवर, म्हणजे मध्यवर्ती केंद्राशिवाय फिरत्या उपकरणांनी (नोडांनी) आपसांत उभारलेल्या बिनतारी जाळ्यावर, मराठीत टिपण लिहितो आहे. डिरेक्शनल अँटेनाला 'दिशादर्शक अँटेना' चालेल का? आणि 'डेफनेस'ला 'संपर्क तुटणे'?

उत्तर – 'दिशादर्शक' नको. दिशादर्शक म्हणजे दिशा दाखवणारा: होकायंत्र किंवा रस्त्यावरची पाटी. ही अँटेना एका दिशेला झोत टाकते आणि तिकडूनच नीट ऐकते. 'दिशिक' म्हणा, विरुद्धार्थी 'सर्वदिशिक'. वाक्यात: 'नोडला ६० अंशांचे ६ झोत आहेत, एका वेळी एकच चालू.' अशा आदर्श झोताचा गेन (त्या दिशेला मिळणारी जादा ताकद) सर्वदिशिकपेक्षा सुमारे ७.८ डेसिबल जास्त. मोकळ्या अवकाशात तो एका टोकाला असेल तर पल्ला जवळजवळ अडीचपट, दोन्ही टोकांना असेल तर सहापट. जमिनीलगत इतका मिळत नाही आणि साइड लोबही (मुख्य झोताबाहेर निसटणारे छोटे झोत) वाटा खातात. साइड लोबला 'बाजूची पाळी' म्हणावे, कानाची असते तशी.

दुसरे उत्तर – 'संपर्क तुटणे' तर अजिबात नको. 'बहिरेपणा'च लिहा, कारण प्रोटोकॉलची नेमकी हीच गल्लत होते. अ, ब, क हे तीन नोड धरा. अ-चा झोत ब-कडे वळलेला असताना मागून क आरटीएस ('पाठवू का?' अशी विचारणा) पाठवतो. अ-ला तो ऐकू येत नाही, सीटीएस ('पाठव' असे उत्तर) जात नाही. क समजतो टक्कर झाली. ८०२.११ बी या वाय-फाय मानकामध्ये त्याची थांबण्याची खिडकी (पुन्हा पाठवण्याआधी जास्तीत जास्त किती कालखंड थांबायचे ती मर्यादा) ३१, ६३, १२७ अशी वाढत १०२३ पर्यंत जाते. सात प्रयत्न फसले की पॅकेट टाकून दिले जाते आणि मार्ग शोधणारा एओडीव्ही प्रोटोकॉल 'दुवा तुटला' असा निरोप मार्गभर पाठवतो. दुवा धडधाकट असतो, अ फक्त दुसरीकडे ऐकत असतो.

प्रश्न – मग आरटीएस सहाही झोतांतून पाळीपाळीने पाठवला तर?

दुसरे उत्तर – शेजाऱ्यांना कळते, पण वेळ जातो. १ मेगाबिट वेगाने २० बाइटचा आरटीएस लांब प्रीॲम्बलसह (पॅकेटाआधीचा जुळवणीचा संकेत) ३५२ मायक्रोसेकंद घेतो, म्हणजे सहा वेळा २.१ मिलिसेकंद. छोट्या पॅकेटांना हा खर्च परवडत नाही. काम आटोपल्यावर सर्वदिशिक टोन (छोटा सूचक संकेत) सोडणे स्वस्त पडते: क-ला कळते की अ बहिरा होता, आणि तो खिडकी पुन्हा ३१ वर आणतो.

तिसरे उत्तर – डीनॅव्हला, म्हणजे दिशिक नॅव्हला, 'दिशेपुरती मनाई' सुचवतो. नॅव्ह म्हणजे दुसऱ्यांचे बोलणे संपेपर्यंत गप्प राहण्याची नोंद. साधा नॅव्ह सगळीकडे गप्प बसवतो, हा फक्त त्या कोनात. आणि टिपणात 'झोत क्रमांक' व 'दिशा' वेगळे ठेवा. शेजारी 'झोत ३'मध्ये आहे अशी नोंद केली आणि नोड स्वतः ९० अंश वळला की नोंद खोटी ठरते. उत्तरेपासूनचे अंश नोंदवून झोत क्रमांक दर वेळी त्यावरून काढावा. शेजारी सरकला तरी नोंद शिळी होते: १०० मीटरवर झोताच्या मध्यावर असलेला नोड आडवा १० मीटर प्रतिसेकंद गेला, तर ६० अंशांच्या झोतातून सुमारे पावणेसहा सेकंदांत निसटतो, २० अंशांच्या झोतातून दोन सेकंदही लागत नाहीत.