अनुभव धागा: साक्ष देताना, म्हणजे इतरांना ख्रिस्ताबद्दल सांगताना, काय घडलं?

'जाऊन सर्व राष्ट्रांना शिष्य करा' ही येशूची आज्ञा, बायबलमधलं मत्तय २८:१९, आपण संडे स्कूलमध्येच पाठ केली. जीभ अडखळते ती शेजारच्या काकूंशी बोलताना. इथे प्रवचन नको, घडलेलं लिहा. फसलेलं असेल तर आधी ते. दुसऱ्या कुणाचं नाव नको.

सुरुवात मीच करते. कॉलेजात असताना एसटीत शेजारच्या बाबांच्या हातात सुवार्तेची पत्रिका कोंबली. त्यांनी तिचा द्रोण केला, शेंगांची टरफलं त्यात भरली आणि उतरताना माझ्याच हातात दिला. "बाळ, तेवढं टाकून दे." त्यांचं गाव कुठलं, हेही मी विचारलं नव्हतं.

नगर, निवृत्त शिक्षिका
आमचे आजोबा ख्रिस्ती कीर्तन करायचे. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंगांतून ख्रिस्त गायला, ते वळण आजोबांनी उचललेलं. मृदंगाला गावातलेच एक माळकरी बुवा. रात्रभर वाजवायचे आणि म्हणायचे, "चाल आमची, देव तुमचा." शेवटपर्यंत त्यांची वारी चुकली नाही, आजोबांचं कीर्तनही नाही. चर्चच्या मंडळीतल्या एकाने आजोबांना टोकलं, "इतक्या वर्षांत एक बुवा वळवता आला नाही?" त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत. चिडून की वाईट वाटून, हे आजीलाही कळलं नाही.

परिचारिका, मिरज
पडल्या पेशंटला धर्म सांगायचा नाही, हा माझा नियम. विचारलं तर लपवायचा नाही, हाही. रात्रपाळीत एका बाईंनी विचारलं, "ताई, डोळे मिटून काय पुटपुटता?" सांगितलं. म्हणाल्या, "माझ्या पोरीसाठीपण मागा." मागितलं. पुढचं माहीत नाही, सकाळी माझी ड्यूटी संपली.

वसई
आम्हा कॅथलिकांना रस्त्यावर उभं राहून सांगणं जमत नाही. मी धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा संस्कार, झालं की पोरं फिरकत नाहीत. आधी घरचेच शिष्य होऊ देत, मग सर्व राष्ट्रं.

पुणे, आयटी
मी ज्याच्यावर 'काम' झालं तो माणूस, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो. ऑफिसातला एक सीनियर चार वर्षं दर मंगळवारी चहाला भेटायचा. बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान आम्ही दोनदा वाचून काढलं. माझे खोचक प्रश्न तो वहीत लिहून घ्यायचा आणि पुढच्या मंगळवारी म्हणायचा, "याचं उत्तर मला नाही सापडलं." मी टिकलो तो त्या वाक्यामुळे. बाप्तिस्म्याचं त्याने कधी काढलं नाही, मीच काढलं.

आई तीन महिने बोलली नाही. मग गणपतीला फोन आला, "येणार आहेस ना?" गेलो. आरतीला मागे उभा राहिलो, पंगतीत वाढायला पुढे. बायको अजून कुंकू लावते, रविवारी मला चर्चच्या फाटकापर्यंत सोडते. टिळकांच्या लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये झाला, हे मंडळीतले लोक धीर द्यायला सांगतात. मला तो धीर नको. ती फाटकापर्यंत येते, गाडीत आम्ही भांडतो, हसतो. तिला मुदत घालून दिली तर हेही जाईल.

नाव नको
माझा अनुभव दोन ओळींचा. मैत्रिणीने स्वतःहून विचारलं, "तुझ्या चर्चला येऊ एकदा?" मी म्हटलं, "या रविवारी नको, बोअर होशील." तिने पुन्हा विचारलं नाही.