साक्ष द्यायला सांगितली आहे, पण हे दुखणं देवाने का येऊ दिलं ते मला माहीत नाही

नगरची_भगिनी

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. वय 47. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असतं. सकाळी लवकर निघतो, घरी यायला दुपार होते आणि उरलेला दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात. डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून डाव्या हातावर शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केला आहे. रात्री झोपण्याआधी मी त्यावर बोटं ठेवून बघते. मांजर गुरगुरावं तशी आत थरथर लागते. ती लागली की फिस्टुला चालू आहे. मगच मी दिवा मालवते.

चर्चच्या मंडळीने आमच्यासाठी खूप केलं, ते मी विसरणार नाही. घरी कॉटेज प्रार्थना झाल्या, पैसे जमवून दिले. येणारे शहाळी घेऊन येतात. पोटॅशियममुळे यांना नारळपाणी वर्ज्य आहे, भाजीसुद्धा मी उकळून पाणी टाकून देऊन करते, पण आणणाऱ्याचा जीव बघून काही बोलवत नाही. एका बाईंनी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही लपलेलं पाप आहे का, कबूल करून टाका. ते मनातून जात नाही.

आता सुगीच्या सणाला पाळकसाहेबांनी मला चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायला, सांगितलं आहे. विषय असा की या दुखण्यातून देवाने आमच्या घरात काय साधलं. मी वही घेऊन बसले. काय साधलं ते मला दिसत नाही. मुलगी बारावीला आहे, तिचा क्लास बंद केला. हे चर्चमध्ये पेटी वाजवायचे, ते बंद झालं. माझा देवावरचा विश्वास गेलेला नाही, हे अगदी मनापासून लिहिते. पण हेतू माहीत नसताना उभं राहून काय सांगू? हेतू सांगता आला नाही तर माझा भरवसा कच्चा ठरतो का?

पुण्याचा_बंधू

भगिनी, रोमकरांस 8:28 वाचा. देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. योसेफाकडे बघा. भावांनी विकलं, तुरुंगात पडला, आणि शेवटी तोच म्हणाला की तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवाने ते चांगल्यासाठी योजलं. आज कळलं नाही तर उद्या कळेल. धीराने उभ्या राहा, पवित्र आत्मा शब्द देईल. आमच्या कुटुंबप्रार्थनेत तुमच्या घराचं नाव घेतो आहोत.

निवृत्त_शिक्षिका_दौंड

मी वयाने बरीच मोठी आहे, म्हणून तुला 'अगं' म्हणते, राग मानू नकोस.

आधी त्या बाईंचं. योहान 9 मध्ये शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बघून हाच प्रश्न प्रभूला विचारला होता, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रभू म्हणाला, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. लूक 13 मध्ये शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, त्यांच्याबद्दलही तेच: ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असं समजू नका. ज्या बाबतीत प्रभूनेच नाही म्हटलं, त्यावर तू रात्रीची झोप घालवू नकोस.

आता योसेफ. बंधूंनी लिहिलं ते खरंच आहे. पण योसेफ ते बोलला उत्पत्तीच्या 50व्या अध्यायात, बाप गेल्यावर, सगळं पार पडल्यावर, आणि स्वतःच्या तोंडाने बोलला. खड्ड्यात टाकला तेव्हा तो काय करत होता? 42:21 मध्ये भाऊच एकमेकांना सांगतात, तो काकुळतीला येऊन विनवण्या करत होता आणि आपण ऐकलं नाही. खड्ड्यातला योसेफही देवाचाच होता. तू आत्ता तिथे आहेस. 50व्या अध्यायातलं वाक्य तुझ्याकडून आज कोणी मागू नये.

माझं आयुष्य केडगावच्या मुक्ती मिशनच्या आसपास गेलं, ते पंडिता रमाबाईंनीच उभं केलेलं, त्यामुळे पंडिता रमाबाई माझ्या डोळ्यांसमोर असतात. 1874 च्या सुमारास दुष्काळात भटकताना त्यांचे वडील अनंतशास्त्री गेले, पाठोपाठ आई, मग मोठी बहीण. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि 1882 मध्ये पती पटकीने गेले. कडेवर मनोरमा, जेमतेम वर्षाची. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, 1883 मध्ये, इंग्लंडात. पुढे 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा बाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपाशी मुली, विधवा शेकड्यांनी केडगावला घेऊन आल्या. भूक काय असते ते त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

हे सांगितलं की सभेत लोक लगेच म्हणतात, बघा, म्हणूनच देवाने तो पहिला दुष्काळ दाखवला! मला हे पटत नाही, आणि ते म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्या मुली वाचाव्यात म्हणून एका म्हाताऱ्या शास्त्र्याला अन्नावाचून मारायचं, असा माझा देव नाही. देवाने त्या राखेतून काम उभं केलं, एवढं मी हात उंचावून सांगेन. त्यापुढचा हिशेब त्याच्यापाशी आहे. आणि बाईंच्या आयुष्याचा शेवटही काही गोड नव्हता. जिच्यावर सगळं सोपवायचं ती मनोरमा 1921 मध्ये गेली. आई मागे राहिली, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेलं बायबलाचं भाषांतर करत राहिली, आणि 1922 च्या एप्रिलमध्ये तीही गेली. मनोरमा का गेली, याचं उत्तर त्यांना मिळालं असं मला कुठे दिसत नाही. काम मात्र थांबलं नाही. मला भरवसा म्हणतात तो यातच दिसतो.

ईयोबाचं, म्हणजे दोष नसताना संकटांवर संकटं सोसणाऱ्या त्या भल्या माणसाचं, पुस्तक पुन्हा वाच. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय बोलणं झालं ते आपल्याला कळतं, ईयोबाला शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. त्याचे मित्र आले, सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ठीक होतं. मग त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केली. 42:7 मध्ये देव रागावतो तो त्यांच्यावर. ज्याने तक्रारींवर तक्रारी केल्या त्या ईयोबाबद्दल देव म्हणतो की माझ्याविषयी हाच नीट बोलला.

वधस्तंभावर प्रभूने 'माझा त्याग का केलास' असं विचारलं, 22वं स्तोत्र ओठांवर घेऊन. आकाशातून कारण आलं नाही. तिसऱ्या दिवशी बापाने त्याला उठवलं. माझा धाकटा मुलगा गेला त्याला पुष्कळ वर्षं झाली. तो का गेला हे मला आजही माहीत नाही. पण त्या उघड्या कबरेवर माझा विश्वास आहे, म्हणून मी अजून त्या मुलाला भेटायची वाट बघते, आणि देवाशी भांडायचं असलं की त्याच्याशीच भांडते, दुसरीकडे जात नाही.

साक्ष दे. पण हेतू सांगू नकोस. 13वं स्तोत्र वाच, सगळं मिळून सहा वचनं आहेत. दाविद 'कोठवर, कोठवर' असं एकसारखं विचारतो, आणि तरी शेवटी म्हणतो की मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. मधे कुठेही त्याचं संकट टळल्याचं लिहिलेलं नाही. मग फिस्टुल्यावर बोटं ठेवतेस ते सांग, जसं इथे लिहिलंस तसंच. आणि रोम 8 वाचायचंच असेल तर 28वर थांबू नकोस, 35 पर्यंत जा. तिथे क्लेश, दुष्काळ, तलवार सगळ्यांची नावं घेतली आहेत. हे येणार नाही असं पौल म्हणत नाही. यातलं काहीही ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला तोडू शकणार नाही, असं म्हणतो.

पुण्याचा_बंधू

बाई, 42:21 मी असं कधी वाचलं नव्हतं. आभार. तरी मी 28 वं वचन सोडणार नाही, माझ्या वडिलांनी तेच धरून प्राण सोडला.

निवृत्त_शिक्षिका_दौंड

सोडू नका. मीही सोडलेलं नाही. माणसाने ते स्वतः धरावं, दुसऱ्याच्या तोंडात घालू नये, एवढंच.

मिरजकर

मी स्वतः डायलिसिसवर आहे. ताई, एक विचारतो. दुखणं यांचं, साक्ष तुम्ही देणार, मग यांना काय वाटतं ते कोणी विचारलं आहे का? माझ्याबद्दल प्रार्थना पुष्कळ झाल्या. पण मशीनवर चार तास पडलेला असताना आमच्या मंडळीतला एक मुलगा येऊन नुसता शेजारी बसायचा, सामन्याचा स्कोअर सांगायचा, त्या दिवशी मला देव जवळ वाटायचा. मंडळीला सांगा, शहाळी नकोत, पाळीपाळीने एकेक माणूस पाठवा. तुम्हालाही तेवढा वेळ घरी मिळेल. स्पष्ट सांगा, लोकांना राग येत नाही, त्यांना कळत नसतं.

पैशाचं म्हणाल तर जन आरोग्य योजनेत आणि जिल्हा रुग्णालयातल्या मोफत डायलिसिसच्या सोयीत चौकशी केली नसेल तर आधी ती करा. मुलीचा क्लास सुरू होऊ दे.

आणि पेटी का बंद? डाव्या हाताने भाता मारायचा म्हणून का? फिस्टुल्याच्या हाताने जड उचलायचं नाही, पण पेटीबद्दल डॉक्टरांना एकदा विचारा.

नगरची_भगिनी

सगळ्यांचे आभार. बाई, तुमचं लिहिणं मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मनोरमाच्या ठिकाणी यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

मिरजकर दादा, खरंच विचारलं नव्हतं. आज विचारलं. हे म्हणाले, मला बोलायचं नाही, लोक रडतात आणि मग मलाच त्यांना समजवावं लागतं. पण स्तोत्र तू वाच, आणि त्याआधी एक गीत मी वाजवतो, भाता मुलगी मारेल. गीत कुठलं यावरून आता दोघा बापलेकीत वाद चालू आहे.

जन आरोग्य योजनेचे कागद सोमवारी घेऊन जाते. पाळकसाहेबांना अजून सांगायचं आहे की विषय बदलला. शनिवारी गायनाच्या सरावाला ते असतात, तेव्हा बोलते.