मदत हवी आहे: एआर-१५ घेऊ की साधी बोल्टची रायफल? (शनिवारच्या आत ठरवायचंय)

नेम चुकलेला
मंडळी, जरा लवकर मदत हवी आहे. इथे अमेरिकेत आयुष्यातली पहिली रायफल घेतोय: दर बारानंतर पुढची गोळी आपोआप भरणारी एआर-१५, की खिट्टी हाताने मागे-पुढे करून भरायची बोल्टवाली. दुकानातला सेल शनिवारी संपतो.

ऑफिसातला मित्र म्हणतो, एआर-१५ सोडून दुसरीकडे बघूही नकोस. हलकी आहे, धक्का नाही, काहीही जोडा, काहीही काढा. रेंजवर एक म्हातारा येतो, त्याच्याकडे लिव्हरवाली (चापाजवळची कडी ओढून गोळी भरायची) जुनी विंचेस्टर आहे. तो म्हणाला, ते काळं खेळणं घेऊन माझ्या शेजारच्या टेबलावर बसू नकोस. दोघांनीही मला तासतासभर ऐकवलंय आणि दोघांचंही पटलंय.

हरणासाठी हवी आहे. बजेट आठशे डॉलर. कृपया "दोन्ही आपापल्या जागी चांगल्या" असं लिहू नका. एकच नाव सांगा.

ता.क. मित्राची एआर चालवताना गरम पुंगळी (बार उडाल्यावर बाहेर पडणारं रिकामं काडतूस) कॉलरमधून आत गेली, गळ्यापाशी फोड आलाय. हे नेहमीचंच का?

ह्यूस्टनचा बंड्या
एआर. विषय संपला.
इथे रानडुकरं कळपाने येतात. एक पडलं की बाकीची उधळतात. बोल्ट मागे-पुढे करेपर्यंत ती शेजाऱ्याच्या रानात. माझ्या बायकोने आणि सोळा वर्षांच्या पोरीनेही माझ्याच एआरवर नेम शिकला, कारण खांद्याला टेकवायचा दस्ता आखूड करता येतो. आजोबांच्या लाकडी रायफलीने पोरीचा खांदा काळानिळा झाला असता.

माजी कॅडेट
एनसीसीत असताना .२२ वर पाच गोळ्यांचा ग्रुप काढायचो, त्याची आठवण झाली. कॅम्पला एकदा .३०३ हातात दिली होती. पहिला बार काढला आणि टोपी मागे जाऊन पडली. उस्ताद म्हणायचे, "बट खांदे में दबाके रख, नहीं तो घोडे की लात है." दोन दिवस डबा उचलता येत नव्हता. पण ती रायफल चिखलात पडली तरी चालायची. माझं मत बोल्टला.

कलमबहाद्दर
धागाकर्ते, आधी तीन गोष्टी सांगा. राज्य कोणतं? व्हिसा कोणता? शिकारीचा परवाना काढलाय का?

नेम चुकलेला
राज्याचा नि व्हिसाचा काय संबंध? मी रायफल विचारतोय, घराचं कर्ज नाही. दुकानदारानेही अजून काही विचारलेलं नाही.

कलमबहाद्दर
पैसे द्यायच्या वेळी विचारेल, ४४७३ नंबरच्या फॉर्मवर. आणि राज्याचा संबंध असा: न्यू जर्सीत राहत असाल तर हरणासाठी सेंटरफायर, म्हणजे मोठ्या काडतुसांची, रायफल चालतच नाही, शॉटगन घ्या. ओहायोत सरळ पुंगळीचं (तोंडाशी अरुंद न होणारं) काडतूस लागतं, म्हणजे एआरची नेहमीची .२२३ बाद. कॅलिफोर्नियात शिशाची गोळी २०१९ पासून बंद. टेक्सासात बंड्याभाऊंचं खरं आहे. एक देश, पन्नास पुस्तकं.

कोकणी बागायतदार
आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना, ठासणीची बंदूक, आजोबांच्या नावावरून वडिलांच्या, वडिलांच्या नावावरून माझ्या. दारू मोजून ओत, चिंधी सार, गजाने ठास, छर्रे घाल, परत ठास, केप (ठिणगी पाडणारी टिकली) लाव. तोवर माकडं अर्धी बाग खाऊन, आमच्याकडे बघून, निघून गेलेली असतात. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. माकडांना आचारसंहिता नाही.

सेमी-ऑटो, म्हणजे एआरसारखी आपोआप भरणारी, रायफल भारतात सामान्य माणसाला मिळत नाही. .३०३ सुद्धा नाही, कारण ते फौजेचं काडतूस. म्हणून तर आपल्या आयुध कारखान्यांनी .३१५ काढली.

नेम चुकलेला
पेनसिल्व्हेनिया. घ्या. आता तरी सांगा, एआर की बोल्ट?

अनिवासी आजोबा
अरे देवा. मग पहिल्या ओळीत लिहायचं होतंस ना, एवढी चर्चा वाचली असती. पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही. एआर नाही, लाकडी दस्त्याची सेमी-ऑटो ब्राउनिंगही नाही. २०१६ साली कायदा बदलून हा अधिकार राज्याच्या गेम कमिशनला, म्हणजे शिकार खात्याला, दिला. २०१७ मध्ये त्यांनी ससे-खारी, कोल्हे-कायोटी यांच्यासाठी परवानगी दिली, आणि हरणाची दिली नाही. हातानेच गोळी भरायची: बोल्ट, लिव्हर, पंप. ही २०२३ ची स्थिती. कमिशन दर वर्षी नियम छापतं, तेवढं पान वाचत जा.

मी इथे तीस वर्षं आहे. सेमी-ऑटोला विरोध करणारे बाहेरचे कोणी नव्हते, शिकारीच होते. आमच्या क्लबात यावरून दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. धाकटा म्हणे, जखमी जनावराला दुसरी गोळी लगेच मारता आली पाहिजे. थोरला म्हणे, दुसरी हाताशी आहे म्हटलं की पहिली आळसाने सुटते. मी थोरल्याच्या बाजूचा.

ह्यूस्टनचा बंड्या
आजोबा, आदर आहे, पण "आळसाने सुटते" हे बंदुकीचं नाही, माणसाचं लक्षण. माझ्या मॅगझिनमध्ये वीस असल्या तरी मी हरणावर एकच झाडतो. आणि एआर म्हणजे असॉल्ट रायफल नव्हे. ए-आर म्हणजे आर्मालाइट रायफल, कंपनीचं नाव. चाप एकदा ओढला की एकच गोळी.

रानभूल
मला या "आधुनिक विरुद्ध पारंपरिक" शब्दांचीच गंमत वाटते. एआरचं डिझाइन १९५० च्या दशकातलं, युजीन स्टोनरचं. १९५९ मध्ये कोल्टने विकत घेतलं. म्हणजे "आधुनिक" रायफल साठी ओलांडून गेली. लोकांची लाडकी बोल्टवाली रेमिंग्टन ७०० आली १९६२ मध्ये, म्हणजे "पारंपरिक" ती वयाने लहान. शिकारीची सेमी-ऑटो तर त्याच्याही आधीची: जॉन ब्राउनिंगने रेमिंग्टनसाठी केलेली मॉडेल ८ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दुकानात होती. आणि त्या म्हाताऱ्याच्या विंचेस्टरसारख्या लिव्हरवाल्या नव्याने निघाल्या तेव्हा जुन्या लोकांनी नाकं मुरडलीच असतील की!

भांडण यंत्राचं कमी आणि दिसण्याचं जास्त आहे. काळं प्लास्टिक विरुद्ध अक्रोडाचं लाकूड.

सातवी खिडकी
दिसण्याचं नाही हो. माझा मुलगा किंडरगार्टनला आहे. गेल्या आठवड्यात घरी येऊन म्हणाला, आज आम्ही (शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरलं तर कसं लपायचं, त्याचा सराव होता) दिवे बंद करून कपाटाशेजारी बसलो, मी अजिबात खोकलो नाही, टीचरने स्टिकर दिला. सॅंडी हूकच्या शाळेतल्या गोळीबारात जी रायफल वापरली ती याच जातीची होती. कायद्याने चालते हे मान्य. पण मराठी माणसाने घरात तीच आणावी का, याचा विचार करा.

ह्यूस्टनचा बंड्या
ताई, तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं, खरंच. माझ्या पोरीनेही तेच केलंय. पण माझी तिजोरीत असते, किल्ली माझ्या गळ्यात.

कलमबहाद्दर
विषयांतर होतंय. व्हिसाचं उत्तर अजून आलेलं नाही.

नेम चुकलेला
एच-१बी. सहा वर्षांपासून. कर भरतो, एक साधं स्पीडिंगचं तिकीटही नाही. आणि उन्हाळ्यापासून दर रविवारी मित्राबरोबर रेंजवर जातोय, कोणी अडवलं नाही.

कलमबहाद्दर
बसा. पाणी प्या.

एच-१बी हा बिगर-स्थलांतरित व्हिसा आहे. असा व्हिसा असलेल्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. विकत घेणं तर सोडाच, "ताबा" म्हणजे हातात असणंसुद्धा धरतात. ग्रीन कार्डवाल्यांना हे लागू नाही. तुम्हाला एक सरळ वाट आहे: कोणत्याही राज्याचा चालू शिकार-परवाना. तो असेल तर बंदी लागू होत नाही. दुकानात फॉर्मबरोबर परवाना दाखवायचा.

तुमच्याकडे परवाना होता का, त्या रविवारी?

नेम चुकलेला
नाही. परवाना शिकारीला लागतो, रेंजला कशाला?

कलमबहाद्दर
फ्लोरिडातला एक परदेशी विद्यार्थी, कॉलेजातून काढल्यामुळे व्हिसा गेलेला, रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला, तेवढ्यावरून खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१९, त्याचं नाव रेहाइफ. कोर्टाने म्हटलं, आपली व्हिसाची स्थिती त्याला ठाऊक होती हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे. आता तुम्ही एच-१बी वर आहात हे तुम्हाला ठाऊक नाही, असं तुम्ही म्हणू शकाल का? वर स्वतःच लिहिलंय.

संपादकांना सांगून तो प्रतिसाद उडवा आणि इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करा. मी वकील नाही.

माजी कॅडेट
मी उगाच .३०३ ची गोष्ट सांगत बसलो.

कोल्हापुरी ठसका
नेमबाजीचा धागा आणि कोल्हापूरचं नाव नाही? तेजस्विनी सावंत, २०१०, म्युनिक, ५० मीटर रायफल प्रोनमध्ये (पालथं पडून नेम) जगज्जेती! पिस्तुलवाली राही सरनोबतही आमचीच. एआरबिआर काही नको, तेजस्विनीने एका वेळी एक गोळी भरूनच दुनिया जिंकली.

रानभूल
अभिमान आहेच, पण त्या निशाण्याला ना पाय असतात ना वाऱ्याचा वास येतो.

अनिवासी आजोबा
पोरा, घाबरून जाऊ नकोस, पण रविवारचं रेंजला जाणं आजपासून बंद. वकिलाशी बोल. त्याने हो म्हटलं की शिकारी-शिक्षणाचा कोर्स कर, पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला तो लागतोच. मग परवाना. मग रायफल. तुझं सगळं उलट्या क्रमाने चाललंय. परवाना ३० जूनला संपतो, नवीन काढायला विसरलास तर १ जुलैला पुन्हा तीच पंचाईत. सेल दर महिन्याला असतो.

आता त्या पुंगळीचं. रायफल कोणत्या खांद्याला लावतोस?

नेम चुकलेला
डाव्या. डावखुरा आहे. तेही सांगायचं होतं का?

अनिवासी आजोबा
हो!

पुंगळी उजव्या बाजूने बाहेर पडते. उजव्या हाताच्या माणसाच्या ती तोंडापासून लांब जाते, तुझ्या नाकासमोरून. एक विचारतो, मित्राची एआर जुनी आहे का? पुंगळी फेकायच्या खिडकीच्या मागे एक तिरपा उंचवटा असतो, तो आहे का बघ. बघ म्हणजे मित्राकडून फोटो मागव, हातात घेऊ नकोस.

नेम चुकलेला
फोटो आला. उंचवटा नाही, सपाट आहे. रायफल त्याच्या वडिलांची निघाली, व्हिएतनामच्या काळात घेतलेली. मला वाटलं नवीन आहे.

अनिवासी आजोबा
तोच उंचवटा पुंगळीला डावखुऱ्याच्या तोंडापासून पुढे उडवतो, पुढच्या एआरना आला. म्हणजे तुला भाजलं ते आधुनिक रायफलने नाही, जुन्या रायफलने.

तुझं उत्तर: डाव्या हाताची बोल्ट. सॅव्हेज आणि रूगर दोन्ही कंपन्या बनवतात, आठशेत दुर्बिणीसकट बसेल. उजव्या हाताची स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नकोस, दर गोळीला हात रायफलीवरून पलीकडे न्यावा लागतो आणि तेवढ्यात गाल दस्त्यावरून उठतो. लिव्हर दोन्ही हातांना सारखीच, तेही चालेल. म्हाताऱ्याला सांगू नकोस, फार खूश होईल. आणि नारिंगी जाकीट-टोपी घे, डोकं-छाती-पाठ मिळून २५० चौरस इंच दिसलं पाहिजे.

ह्यूस्टनचा बंड्या
किंवा टेक्सासला या. वकिलाचं झाल्यावर.

कोकणी बागायतदार
आजोबा, तुम्ही स्वतः काय वापरता? मगाचपासून सगळ्यांचं चाललंय, तुमचं कळलं नाही.

अनिवासी आजोबा
हसाल. चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, ठासणी. इथे नाताळानंतर खास चकमकीच्या बंदुकीचा हंगाम असतो, केपवालीही चालत नाही. लॅंकेस्टरच्या बाजूला अठराव्या शतकात जर्मन कारागिरांनी लांब नळीच्या रायफली घडवल्या, तिचीच नक्कल माझ्याकडे आहे. गेल्या जानेवारीत बर्फ भुरभुरत होता. चाळीस पावलांवर मादी उभी. चाप ओढला. खट्. कानातली (ठिणगी पडते त्या बाहेरच्या वाटीतली) दारू दमट झालेली, फुस्स करून धूर आला आणि मग कुठे बार उडाला. तोवर ती ओढ्यापार. परत भरायला थंडीने बोटं चालेनात.

कोकणी बागायतदार
आमचंही पावसात तेच. केपवर मेण लावतो. तुमच्या चकमकीला काय करता? आणि दगड मिळतो कुठे?

अनिवासी आजोबा
टपालाने येतो, डझनाने. जबड्यात धरताना कातड्याचा तुकडा लावायचा, नाहीतर दुसऱ्या बारालाच फुटतो. कानावर गाईच्या गुडघ्याचं कातडं बांधतो, पाऊस लागत नाही. तुमच्या केपा चांगल्या मिळतात का हल्ली?

नेम चुकलेला
वकिलाची वेळ मंगळवारची मिळाली. सेल गेला. आजोबा, डाव्या हाताची घेतली तर .२४३ घेऊ की .३०८?

कोकणी बागायतदार
वायंच थांब रे. हंय केपांचा बोलणा चालू आसा.