सुपरमॅनचा बंडखोरपणा नेमका कधी गेला? मदत हवी आहे

१९३८ ते १९४३च्या सुपरमॅनवर लेख लिहितेय, एका जागी गाडी अडलीय. लेखक सीगल आणि चित्रकार शुस्टर या निर्मात्या जोडीचा सुरुवातीचा सुपरमॅन चांगलाच दांडगट होता. 'ॲक्शन कॉमिक्स' मासिकाच्या तिसऱ्या अंकात तो खाणमालकाला पार्टीतल्या नटव्या पाहुण्यांसकट खाणीत अडकवतो, मजुरांचे हाल कळावेत म्हणून! आठव्या अंकात तर झोपडपट्टीच जमीनदोस्त करतो, म्हणजे सरकारला नवी घरं बांधावीच लागतील. (आज कोणी छापेल का, शंकाच आहे.) आणि युद्धकाळात हाच गडी मुखपृष्ठावरून युद्धरोखे घ्या म्हणून सांगतोय.

सुरुवातीचे अंक पुनर्मुद्रणांतून वाचून झालेत, पण त्यातून कारण कळत नाही. १९५४चा कॉमिक्स कोड (कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेली नियमावली) कृपया सुचवू नका, तो फार नंतरचा. सिनेमे, मालिकाही नकोत. इंग्रजी संदर्भ चालतील, फक्त ऑनलाइन किंवा पुण्या-मुंबईत मिळणारे हवेत.

हा बदल डिसेंबर १९४१च्या पर्ल हार्बर हल्ल्याआधीच प्रकाशकांनी वरून लादला, की युद्धामुळे होत गेला? आणि त्या काळचं एखादं संपादकीय पत्र किंवा लेखकांना दिलेल्या सूचना कुठल्या पुस्तकात मूळ स्वरूपात छापल्या आहेत का?