फायनल फँटसी १२ मधील गॅम्बिट : निर्णय खेळाडूचा राहतो का?

अनवट

२००६ साली प्लेस्टेशन २ वर आलेल्या फायनल फँटसी १२ या व्हिडिओ गेमवर एक आक्षेप तेव्हापासून सतत घेतला जातो, तो म्हणजे हा गेम खेळाडूवाचून आपला आपणच खेळला जातो. मला हा आक्षेप मुळातच मान्य नाही. गॅम्बिट म्हणजे पात्राला आधी घालून दिलेला नियम. त्यात लक्ष्य आणि अट ठरते, आणि मग कृती. ‘सोबत्याचे एचपी (जीवनशक्तीचे गुण) ३० टक्क्यांखाली गेले तर क्युअर (उपचाराचा मंत्र)’ हा त्यातला अगदी साधा नियम. एका पात्राला असे जास्तीत जास्त बारा नियम देता येतात, ते वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला लागू पडेल तो अमलात येतो. त्यामुळे खरे कसब क्रमवारीत आहे. हल्ल्याचा नियम उपचाराच्या वर राहिला, तर शेजारी सोबती मरत असतानाही उपचार करणारे पात्र तलवारच चालवत बसते.

ही पद्धत रचणारे हिरोयुकी इतो यांनीच १९९१ च्या फायनल फँटसी ४ मध्ये अ‍ॅक्टिव्ह टाइम बॅटल (लढाईत वेळ सतत पुढे सरकत राहण्याची पद्धत) आणले होते, आणि गॅम्बिटची कल्पना त्यांना अमेरिकन फुटबॉलवरून सुचली, जिथे प्रत्येक खेळाडूची भूमिका डाव सुरू होण्यापूर्वीच ठरलेली असते. जुन्या जपानी आरपीजींमध्ये (भूमिका घेऊन खेळायच्या गेममध्ये) किरकोळ शत्रूंवर शेकडो वेळा ‘अ‍ॅटॅक’ दाबण्याला निर्णय म्हणावे, असे मला वाटत नाही. इथे निर्णय नाहीसा झालेला नाही, तो लढाईच्या आधी घेतला जातो.

दीपस्तंभ

आपली मांडणी नेटकी आहे, पण मी सहमत नाही. नियम एकदा नीट बसले की पुढचे कित्येक तास खेळाडूच्या वाट्याला फक्त चालणे उरते. २०१७ च्या द झोडिअ‍ॅक एज आवृत्तीत गेमचा वेग दुप्पट आणि चौपट करण्याची सोय आहे, आणि अनेक जण ती वापरतात. जी लढाई चौपट वेगाने उरकावीशी वाटते, तिच्यात आपला जीव गुंतलेला नसतो. याझमॅट या बलाढ्य शत्रूचेच पाहा. त्याचे एचपी ५ कोटींहून अधिक, आणि मूळ आवृत्तीत एका घावाची कमाल मर्यादा ९९९९, म्हणजे पाच हजारांहून अधिक घाव घालणे आले. इतक्या घावांपैकी खेळाडूने स्वतः विचार करून घातलेले किती? याउलट २००१ च्या फायनल फँटसी १० मध्ये पुढच्या पाळ्यांचा क्रम डोळ्यांसमोर असतो, लढाईच्या मध्येच पात्र बदलता येते, आणि संकट उभे राहिल्यावर त्याच क्षणी उत्तर शोधावे लागते. मला आनंद त्या क्षणात मिळतो, आधी भरून ठेवलेल्या तक्त्यात मिळत नाही.

अनवट

संकटाचा क्षण इथेही आहे. गोलमोर जंगलातला एल्डर वर्म हा शत्रू ‘स्पोरफॉल’ हा हल्ला टाकतो, तेव्हा आंधळेपणा, मौन, संभ्रम, विष असे कितीतरी विकार एकदम जडतात. मौन जडलेल्या पात्राला एस्युना हा विकार घालवणारा मंत्र म्हणताच येत नाही, म्हणून त्याच्यावर विसंबलेली नियमावली तिथल्या तिथे कोसळते, आणि रेमेडी (विकारांवरचे औषध) कोणी, कोणाला, कोणत्या क्रमाने द्यायची हे नव्याने मांडावे लागते. शिवाय हाताने दिलेली आज्ञा गॅम्बिटच्या वर असते. ज्यांना त्या क्षणी निर्णय घ्यायचा आहे, त्यांना कोणीही अडवलेले नाही.

कोरा कागद

माझ्या मते दोष गॅम्बिटचा नसून त्याच्या भोवतीच्या रचनेचा आहे. मूळ आवृत्तीत गॅम्बिटच्या जागा लायसन्स बोर्डवर (गुण खर्चून कौशल्ये उघडण्याच्या तक्त्यावर) मिळवाव्या लागतात, आणि अटी दुकानातून विकत घ्याव्या लागतात, त्याही कथा पुढे सरकेल तशा. ज्या सुरुवातीच्या तासांत खेळाडूचे मत बनते, त्याच काळात त्याच्या हाती दोन-चार ढोबळ नियम असतात. दुसरे असे की सहाही पात्रांना एकच बोर्ड होता, त्यामुळे शेवटाकडे सगळी सारखीच होतात, आणि पात्रे सारखी झाली की नियमही सारखेच. २००७ साली जपानमध्ये आलेल्या इंटरनॅशनल झोडिअ‍ॅक जॉब सिस्टिममध्ये बारा स्वतंत्र जॉब (पात्राचे पेशे, प्रत्येकाचा वेगळा बोर्ड) आले, द झोडिअ‍ॅक एजने प्रत्येक पात्राला दोन जॉब दिले, आणि तेव्हा कुठे पांढरी जादू करणाऱ्याचे आणि भालेकऱ्याचे नियम खऱ्या अर्थाने वेगळे झाले. कोणत्या आवृत्तीबद्दल बोलतो आहोत हे सांगितल्याशिवाय हा वाद पुढे जाणार नाही.

दीपस्तंभ

जॉबचा मुद्दा मान्य आहे, तरी एल्डर वर्मसारखे शत्रू या गेममध्ये थोडेच आहेत. कृती यंत्रणेवर सोपवायचीच असेल, तर २००९ च्या फायनल फँटसी १३ ची पद्धत मला अधिक पटते. तिथे सोबती आपापल्या भूमिकेप्रमाणे स्वतः लढतात, पण पॅराडाइम (सगळ्यांच्या भूमिकांचा संच) केव्हा बदलायचा हे लढाई चालू असतानाच ठरवावे लागते, आणि तो बदल उशिरा केला तर खेळाडू हरतो.

अनवट

तिथे मेडिकने (उपचार करणाऱ्या भूमिकेतल्या पात्राने) आधी कोणाला वाचवायचे हे गेम बनवणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. मला ते बदलता येत नाही. बाराव्या भागात ती ओळ मी स्वतः लिहितो, आणि ती चुकीची निघाली तर पराभवही माझ्याच नियमाचा असतो. त्या बदल्यात किरकोळ लढाया आपोआप उरकल्या, तरी मला चालतील.