छत्तिशीतल्या लेफ्ट टॅकलला पगारवाढ: संघाला परवडते का? (ट्रेंट विल्यम्स, फोर्टीनायनर्स)

रविवारचा_प्रेक्षक

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधलं, ट्रेंट विल्यम्सचं २०२४ चं प्रकरण समोर ठेवून विचारतोय. तो फोर्टीनायनर्सचा लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकची (पास फेकणाऱ्याची) डावी बाजू राखणारा लाइनमन. वय ३६. आधीच्या कराराची तीन वर्षं बाकी होती, तरी त्याने अख्ख्या ट्रेनिंग कॅम्पकडे पाठ फिरवली. शेवटी ३ सप्टेंबरला फोर्टीनायनर्सनी नवा करार केला: ३ वर्षं, सुमारे ८.२७ कोटी डॉलर, त्यातले ४.८ कोटी गॅरंटीड (खेळो न खेळो, मिळणारच). त्या मोसमात तो १० सामने खेळला, मग घोट्याने दगा दिला आणि संघ ६-११ वर (६ विजय, ११ पराभव) अडकला.

मागाहून शहाणपण सगळ्यांनाच सुचतं, म्हणून ते बाजूला ठेवू. करारावर सही झाली त्या दिवशी जी माहिती हातात होती, तिच्यावर बोला. या वयाच्या लाइनमनवर एवढा पैसा ओतण्यापेक्षा तो पास रशरवर (क्वार्टरबॅकवर चाल करून जाणारा) किंवा कॉर्नरबॅकवर (पास अडवणारा) का खर्च करू नये? आणि कॅपवर (संघाच्या पगारखर्चाची लीगने घातलेली वार्षिक मर्यादा) याचा भार नेमका कसा पडतो?

---

कॅपगणित

आधी कॅपच्या टक्क्यांत बघा, डॉलरमध्ये नको. २०२१ मध्ये विल्यम्सने ६ वर्षांचा १३.८ कोटींचा करार केला तेव्हा वार्षिक सरासरी २.३ कोटी होती आणि कॅप १८.२५ कोटी. म्हणजे १२.६ टक्के. (त्या वर्षी कोविडमुळे कॅप घसरला होता, हे ध्यानात ठेवा.) २०२४ च्या कराराची सरासरी साधारण २.७६ कोटी आणि कॅप २५.५४ कोटी. म्हणजे १०.८ टक्के. आकडा वाढला, संघाच्या तिजोरीतला त्याचा वाटा मात्र कमी झाला. त्याच वर्षी पेने सूएल वर्षाला २.८ कोटींवर आणि ट्रिस्टन वर्फ्स २.८१ कोटींवर गेले. लीगमधल्या सर्वोत्तम टॅकलचा बाजारभाव तेव्हा हाच होता, फक्त हे दोघे पंचविशीतले.

दुसरी गोष्ट क्वार्टरबॅकची. २०२४ मध्ये ब्रॉक पर्डी ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) शेवटच्या, म्हणजे २६२ व्या क्रमांकाच्या निवडीच्या पगारावर खेळत होता. कॅपवर त्याचा भार जेमतेम १० लाख. मे २०२५ मध्ये त्याने ५ वर्षांचा २६.५ कोटींचा करार केला. स्वस्त क्वार्टरबॅकचं ते शेवटचं वर्ष होतं, हे संघाला पक्कं ठाऊक होतं. अशा वर्षी ३६ वर्षांच्या ऑल-प्रो (मोसमातल्या सर्वोत्तमांत निवडलेल्या) टॅकलवर हात आखडता घेण्यात अर्थ नव्हता.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते निर्णय इथेच होतो: त्याच्याऐवजी कोण? विल्यम्स बाहेर बसल्यावर जेलन मूर खेळला. राखीव खेळाडू. पुढच्या मार्चमध्ये चीफ्सनी त्याला २ वर्षांसाठी ३ कोटी दिले, म्हणजे वर्षाला दीड कोटी. राखीव लेफ्ट टॅकल जर दीड कोटीला जात असेल, तर विल्यम्ससाठीचा जादा खर्च २.७६ कोटी धरायचाच नाही. तो आहे साधारण सव्वा कोटी. प्रश्न एवढाच उरतो की लीगमधला सर्वोत्तम आणि कामचलाऊ यांच्यातल्या फरकाचे सव्वा कोटी होतात का.

आणि संपाबद्दल: २०२० च्या सामूहिक करारानुसार अनुभवी खेळाडूला कॅम्प चुकवण्याचा दंड दिवसाला ५० हजार डॉलर. रुकी कराराबाहेरच्या (लीगमधला पहिला करार मागे पडलेल्या) खेळाडूचा हा दंड संघाला माफही करता येत नाही. तरी तो आला नाही, यावरून त्याला आपलं वजन किती माहीत होतं ते कळतं.

---

ट्रेंच_निरीक्षक

वरचा तिसरा मुद्दा मैदानावर कसा दिसतो ते सांगतो.

चांगला लेफ्ट टॅकल सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) वाचवतो, हे झालं वरवरचं. खरी कमाई तो एकटा उभा राहण्यात आहे. टॅकल कच्चा असला की टाइट एंड (लाइनच्या टोकाशी उभा राहून पासही झेलणारा) किंवा रनिंग बॅकला त्याच्या बाजूला ठेवून चिप करायला लावावं लागतं: पास रूटवर पळण्याआधी रशरला खांद्याने धक्का द्यायचा आणि मग निघायचं. चिप करणारा रूटमध्ये उशिरा पोचतो. मग लाइनच्या मधल्या सेंटरला डावीकडे सरकवावं लागतं, त्यामुळे त्याच्या शेजारच्या उजव्या गार्डला समोरच्या आडदांड डिफेन्सिव्ह टॅकलशी एकट्याने झुंजावं लागतं. म्हणजे एका कच्च्या जागेची किंमत तीन जण मोजतात. विल्यम्स असताना टाइट एंड जॉर्ज किटल मोकळा सुटतो, आणि हा फायदा विल्यम्सच्या आकडेवारीत कुठेच दिसत नाही.

धावण्याच्या खेळातही तेच. जानेवारी २०२२ च्या ग्रीन बेविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात प्रशिक्षक शॅनहॅनने त्याला चक्क फुलबॅकसारखं मोशनमध्ये पळवलं होतं. जवळपास दीडशे किलोचा माणूस स्नॅपआधीच (चेंडू खेळात येण्याआधीच) वेग घेऊन येतो म्हटल्यावर समोरच्या डिफेन्सिव्ह एंडने काय करायचं? असा खेळ आखायला लागणारा माणूस ड्राफ्टमध्ये दरवर्षी मिळत नाही.

२०२३ मध्ये क्लीव्हलंडच्या सामन्यात त्याचा घोटा दुखावला. ती लढत गेली, आणि तो नसलेल्या पुढच्या दोन्ही, व्हायकिंग्ज आणि बेंगल्सविरुद्धच्याही गेल्या. रिसीव्हर डीबो सॅम्युअलही तेव्हा बाहेर होता, त्यामुळे सगळं माप एकट्या विल्यम्सच्या पदरात टाकत नाही. पण करार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ते तीन आठवडे असणारच.

याहून स्वच्छ उदाहरण हवं असेल तर लेफ्ट टॅकल अँड्र्यू व्हिटवर्थ. मार्च २०१७, वय ३५. सिनसिनाटी बेंगल्सनी त्याला जाऊ दिलं आणि रॅम्सनी ३ वर्षांसाठी सुमारे ३.३७ कोटींना घेतलं. त्याआधीच्या मोसमात रॅम्सच्या क्वार्टरबॅक जॅरेड गॉफवर ७ सामन्यांत २६ सॅक झाले होते. २०१७ मध्ये १५ सामन्यांत २५. संघ ४-१२ वरून ११-५ वर गेला आणि गुणांमध्ये लीगच्या तळातून थेट पहिल्या क्रमांकावर आला. शॉन मॅकव्हे प्रशिक्षक म्हणून त्याच वर्षी आला, सेंटर जॉन सलिव्हनही त्याच वर्षी आला, तेव्हा श्रेय वाटूनच द्यायला हवं.

पण दुसरी बाजू बघा. बेंगल्सकडे वारसदार तयार होते, निदान कागदावर: २०१५ च्या ड्राफ्टमधले सेड्रिक ओगबुएही (पहिली फेरी) आणि जेक फिशर (दुसरी फेरी). शिवाय त्याच मार्चमध्ये गार्ड केव्हिन झाइटलरही ब्राउन्सकडे गेला. २०१७ च्या पहिल्या दोन सामन्यांत बेंगल्सना एकही टचडाउन करता आला नाही, आणि दोन सामन्यांतच आक्रमणाच्या प्रशिक्षकाची हकालपट्टी झाली. पुढच्या वर्षी कॉर्डी ग्लेनला आणण्यासाठी ते पहिल्या फेरीत १२ व्या क्रमांकावरून २१ व्यावर घसरले. व्हिटवर्थवर वाचवलेले पैसे असे दुप्पट वाटांनी गेले. तो स्वतः ४० व्या वर्षी सुपर बोल जिंकून निवृत्त झाला, तोही बेंगल्सनाच हरवून. त्या सामन्यात बेंगल्सच्या क्वार्टरबॅक जो बरोवर सात सॅक झाले.

---

चौथा_डाउन

मी विरुद्ध बाजूने बोलतो. वर मांडलेलं सगळं मान्य, पण त्यातून निघतं एवढंच की असा खेळाडू मोलाचा आहे. त्याला *गॅरंटी* द्यावी, हे त्यातून निघत नाही.

अनुभवी टॅकल टायरन स्मिथचा २०२४ चा जेट्सबरोबरचा करार बघा. एक वर्ष, पायाभूत ६५ लाख, आणि खेळत राहिला तर बोनस धरून २ कोटींपर्यंत. दुखापतींचा इतिहास सगळ्यांना माहीत होता, २०१५ नंतर तो एकही मोसम पूर्ण खेळला नव्हता. झालंही तसंच, १० सामन्यांनंतर मानेने घात केला. पण जेट्सचं फार नुकसान झालं नाही, कारण पैसा मैदानावरच्या हजेरीला बांधलेला होता आणि पहिल्या फेरीत ११ व्या क्रमांकावर घेतलेला ओलू फशानू तयार होता.

विल्यम्सही १० सामने खेळला. सामने सारखेच, पण जोखीम एका करारात खेळाडूवर होती आणि दुसऱ्यात संघावर.

---

कॅपगणित

@चौथा_डाउन, तुलना अर्धीच लागू पडते. स्मिथ मोकळा होता आणि बाजाराने त्याची किंमत ठरवली. विल्यम्स कराराखाली होता आणि पहिला सामना सहा दिवसांवर होता. त्या घडीला ‘खेळलास तर देऊ’ म्हणणाऱ्या संघाकडे तो आलाच नसता. कॅम्प चुकवूनही तो जेट्सविरुद्धच्या त्या सामन्यात पहिल्या स्नॅपपासून उतरला आणि संघ ३२-१९ जिंकला. तुमचा करार हवा असेल तर त्याची बोलणी मार्चमध्ये करावी लागतात, सप्टेंबरमध्ये नाही.

आणि वय हीच एकमेव जोखीम नाही. लेफ्ट टॅकल रशॉन स्लेटरने जुलै २०२५ मध्ये चार्जर्सबरोबर ४ वर्षांचा ११.४ कोटींचा करार केला. वय २६. दोन आठवड्यांच्या आत सरावात गुडघ्याचा पटेलर टेंडन फाटला आणि मोसम संपला.

---

रविवारचा_प्रेक्षक

धन्यवाद, बरंच स्पष्ट झालं. ‘व्हॉइड वर्षं’ आणि सामन्यागणिक बोनस यांचा हिशेब कोणी आकडे घालून सांगेल का?

---

कॅपगणित

सांगतो. आकडे काल्पनिक, नियम खरे.

समजा २.५ कोटी साइनिंग बोनस. तो खेळाडूला लगेच मिळतो, पण कॅपवर जास्तीत जास्त ५ वर्षांत विभागता येतो. करार खरा २ वर्षांचा, मागे ३ व्हॉइड वर्षं (फक्त हिशेबापुरती, प्रत्यक्षात न खेळायची) जोडली, तर दरवर्षी ५० लाख. पहिली दोन वर्षं स्वस्त वाटतात. तिसऱ्या वर्षी करार आपोआप संपतो आणि उरलेले १.५ कोटी एकदम अंगावर येतात. खेळाडू घरी बसलेला आणि कॅपवर त्याचे दीड कोटी. यालाच डेड मनी म्हणतात. १ जूननंतर सोडलं (किंवा तसा शिक्का मारून सोडलं) तर हा भार दोन वर्षांत विभागता येतो, पण व्हॉइड तारीख सहसा मार्चमध्ये असते, त्यामुळे तिथे ही पळवाट मिळत नाही.

गाडी बिघडते ती दुसऱ्या वर्षी. कॅपमध्ये जागा हवी म्हणून संघ त्याचा पगार किमान वेतनावर आणतो आणि उरलेली रक्कम पुन्हा बोनस करून पुढे ढकलतो. ३६ वर्षांच्या खेळाडूबाबतीत हे एकदा ठीक आहे. दोनदा केलं की त्याला सोडणं हे ठेवण्याइतकंच महाग पडतं आणि निवड संघाच्या हातात राहत नाही.

सामन्यागणिक बोनस याच्या उलट. ३४ लाख, १७ सामने, म्हणजे त्या दिवशी गणवेशात असलेल्या ४८ जणांत नाव असेल तर २ लाख. कॅपवर सुरुवातीला किती धरायचे ते आदल्या वर्षीच्या हजेरीवरून ठरतं. गेल्या वर्षी १० सामने खेळला असेल तर २० लाख आत्ता धरले जातात. अकरावा सामना खेळला की पुढचे दोन लाख चढतात. त्यामुळे दुखापतीनंतरच्या वर्षात हा बोनस संघाला दोन्हीकडून सोयीचा.

---

फिलीकर

वारसदाराचा मुद्दा @चौथा_डाउन यांनी ओझरता मांडला, पण माझ्या मते तोच निर्णायक आहे. ईगल्सचा सेंटर जेसन केल्सी शेवटची वर्षं एकेका वर्षाच्या करारावर खेळला, २०२३ साठी १.४२ कोटी, सेंटरसाठी भरपूर. पण ईगल्सनी २०२२ मध्येच दुसऱ्या फेरीत कॅम जर्गन्सला घेऊन ठेवलं होतं. २०२३ मध्ये त्याला केल्सीच्या शेजारी उजव्या गार्डवर खेळवलं. मार्च २०२४ मध्ये केल्सी निवृत्त झाला, जर्गन्स सेंटरवर गेला आणि त्याच मोसमात संघ सुपर बोल जिंकला. केल्सीच्या पगारात शिकवणीही आली होती, असंच मी धरतो.

वारसदार नसेल तर काय होतं ते त्याच सुपर बोलमध्ये समोरच्या बाजूला दिसलं. चीफ्सना २०२४ मध्ये लेफ्ट टॅकल सापडलाच नाही. सुआमाटाया झाला, वान्या मॉरिस झाला, डी. जे. हम्फ्रीजला नोव्हेंबरमध्ये आणलं तर त्याची मांडी दुखावली. शेवटी डावा गार्ड जो थूनी टॅकलवर सरकला आणि गार्डची जागा उघडी पडली. ईगल्सनी एकदाही ब्लिट्झ (चारांहून जास्त रशर पाठवणं) न करता चीफ्सच्या क्वार्टरबॅक माहोम्सवर सहा सॅक केले. चार रशर पुरले, मागे सात जण पास अडवायला मोकळे.

आता वर वाचा: मूरला दीड कोटी देणारे चीफ्सच होते. त्यावर पुढच्याच महिन्यात ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत आणखी एक टॅकल घेतला, जॉश सिमन्स.

---

ट्रेंच_निरीक्षक

करार करण्याआधी टेपवर काय पाहायचं, तेही इथेच लिहून ठेवतो.

मोसमाचे शेवटचे सहा सामने काढा, पहिले नकोत. त्यातले थर्ड डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) सात यार्डांहून जास्त लागणारे खेळ वेगळे करा. ज्यात त्याला चिपची मदत आहे ते बाजूला ठेवा. उरलेल्यांत तीन गोष्टी पाहा. मागे सरकताना दुसरं पाऊल पहिल्याइतकंच लांब पडतंय का? पडत नसेल तर कंबर किंवा घोटा कुरकुरतोय. बाहेरून आत वळणाऱ्या रशरला तो छाती दाखवतोय की खांदा? खांदा वळला की आतली वाट मोकळी. आणि बुल रशमध्ये (रशर सरळ अंगावर रेटतो तेव्हा) तो गुडघ्यांतून बसतोय की कंबरेतून वाकतोय? वय वाढलं की वाकणं सुरू होतं, आणि वाकलेल्या टॅकलला अनुभवी रशर हाताने खाली ओढून पाडतो.

दुखापतीचा प्रकारही बघा. घोटा, हॅमस्ट्रिंग यांनी सामने जातात. मान आणि पाठ यांनी कारकीर्द जाते.

आणि करारात एक कलम मागून घ्या: दुसऱ्या वर्षाचा मोठा रोस्टर बोनस (त्या दिवशी संघात असल्याबद्दलचा) मार्चमध्ये, लीगचं नवं वर्ष सुरू झाल्यावर तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी देय ठेवायचा. त्या तारखेआधी संघाला हो-नाही करावंच लागतं. नाही म्हटलं तर खेळाडूला बाजार उघडा असतानाच मोकळीक मिळते, आणि संघालाही ड्राफ्टच्या आधी कळतं की टॅकल शोधायचा आहे.